घटस्फोट नको, वेगळं राहू: या निर्णयाचा कायद्यातला अर्थ

संसार मोडकळीला आला की घरात बैठक बसते. दोन्हीकडचे मामा-काका येतात, एखादे वजनदार शेजारी असतात, दोन-तीन तास बोलणी होतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "घटस्फोटापर्यंत कशाला जायचं? सध्या वेगळं राहू दे दोघांना." सगळ्यांना हायसं वाटतं, कारण घटस्फोट तूर्त तरी टळलेला असतो. पण ज्यांना वेगळं राहायचंय त्यांना कोणी सांगत नाही की वेगळं राहण्याचेही प्रकार आहेत, आणि पोटगी, घर, वारसाहक्क, दुसरं लग्न या सगळ्यांवर प्रत्येकाचा परिणाम निराळा होतो.

कोर्टात न जाता नुसतं वेगळं राहणं हा एक प्रकार. कोर्टाकडून न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा घेणं, ज्याला वकील मंडळी 'ज्युडिशियल सेपरेशन' म्हणतात, हा दुसरा. आणि मग घटस्फोट. माझं मत आधीच सांगून टाकावंसं वाटतं: न्यायिक विभक्तता म्हणजे सौम्य घटस्फोट, हा समज खोटा आहे. ती मिळवायला घटस्फोटाइतकीच कोर्टकचेरी करावी लागते. म्हणून लग्नाचं नातं कायद्याने शिल्लक ठेवून आपल्याला नेमकं काय मिळणार आहे, याचं ठोस उत्तर हाताशी असेल तरच त्या वाटेला जावं.

पुढचं सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून लिहिलं आहे. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालं असेल तर तिथली तरतूद जवळपास अशीच आहे. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा आणि पारशी दांपत्यांसाठी १९३६ चा कायदा आहे, दोन्हींत न्यायिक विभक्तता आहे. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली विवाह संपुष्टात आणण्याची मागणी करता येते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते, तिथल्या वाचकांनी तिथल्याच वकिलाला विचारावं.

हुकूमनामा मिळाला म्हणजे काय होतं

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली पती किंवा पत्नी न्यायिक विभक्ततेसाठी अर्ज करू शकते. तो मंजूर झाला की एकमेकांसोबत राहण्याचं बंधन संपतं. लग्न मात्र संपत नाही. कायद्याच्या नजरेत ते दोघं नवरा-बायकोच राहतात.

बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. लग्न टिकून असल्यामुळे दोघांपैकी कोणालाही दुसरं लग्न करता येत नाही. केलं तर ते रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेगळं राहत असताना दुसऱ्या कोणाशी शरीरसंबंध ठेवले, तर २०१८ पासून तो फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाच्या दाव्यात व्यभिचार हे कारण म्हणून ते अजूनही पुढे येऊ शकतं. "आम्ही तर कोर्टाने वेगळे झालोय" हा बचाव तिथे चालत नाही.

फायदेही त्याच गोष्टीतून निघतात. सोबत राहण्याचं बंधनच उरलं नाही म्हटल्यावर "घर सोडून निघून गेली", "नांदायला येत नाही" या आरोपांतली हवा निघून जाते. आपल्याकडे पोटगीचा अर्ज पडला की समोरून हमखास नांदायला येण्याचा दावा दाखल होतो, म्हणजे कलम ९ चा. हातात विभक्ततेचा हुकूमनामा असेल तर त्या दाव्याची भीती उरत नाही. नवऱ्याने या काळात पत्नीच्या संमतीशिवाय संबंध ठेवले तर न्याय संहितेच्या कलम ६७ खाली तो गुन्हा आहे, किमान दोन ते कमाल सात वर्षे शिक्षेचा. वैवाहिक बलात्काराबद्दल आपला कायदा इतरत्र जवळजवळ गप्प असताना हे संरक्षण महत्त्वाचं आहे. हुकूमनामा नसला, पण पत्नी प्रत्यक्षात वेगळी राहत असली, तरीही हे कलम लागू होतं. हे फार थोड्या बायकांना माहीत असतं.

कारणं तीच, पुरावा तोच

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. अनेकांना वाटतं की घटस्फोटासाठी छळ, व्यभिचार वगैरे सिद्ध करावं लागतं आणि विभक्तता मात्र मागितली की मिळते.

एके काळी यात थोडं तथ्य होतं. १९५५ चा कायदा आला तेव्हा घटस्फोटाची कारणं फार कडक होती. क्रूरता आणि परित्याग, म्हणजे जोडीदाराला टाकून देणं, एवढ्यावर घटस्फोट मिळत नसे. या कारणांवर फक्त न्यायिक विभक्तता मिळायची. घटस्फोट हा शेवटचा आणि दुर्मीळ उपाय असावा, त्याआधी एक पायरी असावी, असा तो विचार होता. १९७६ च्या दुरुस्तीने ही पायरी काढून टाकली. आज कलम १३ मध्ये घटस्फोटाची जी कारणं आहेत, तीच कलम १० साठीही आहेत: व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, सोबत राहणं अशक्य करणारा गंभीर मानसिक आजार आणि आणखी काही. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं, आणि ते फार आधीच जायला हवं होतं.

म्हणजे विभक्तता मागणाऱ्या बाईलाही छळाचे प्रसंग तारखांसह सांगावे लागतात, साक्षीदार आणावे लागतात, उलटतपासणीत समोरच्या वकिलाचे बोचरे प्रश्न सोसावे लागतात. तारखा तेवढ्याच पडतात. "आम्हा दोघांना वेगळं राहायचंय" एवढं कारण कलम १० मध्ये नाही. परस्परसंमतीची सोय कायद्याने घटस्फोटासाठी केली आहे, विभक्ततेसाठी केलेली नाही.

एक अपवाद व्यवहारात दिसतो. अर्ज घटस्फोटाचा असला तरी बहुतेक कारणांच्या बाबतीत न्यायाधीश कलम १३-अ वापरून घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता देऊ शकतात. लग्न अजून सावरेल असं त्यांना वाटलं तर ते तसं करतात. तुम्ही मागितलं एक आणि मिळालं दुसरं, असं यातून घडू शकतं. घटस्फोटाचा अर्ज करणाऱ्याला वकिलाने ही शक्यता आधीच सांगायला हवी.

एक वर्षानंतर काय

न्यायिक विभक्तता निवडणाऱ्या प्रत्येकाने कलम १३ चं पोटकलम (१-अ) समजून घेतलंच पाहिजे. विभक्ततेचा हुकूमनामा झाल्यावर एक वर्ष किंवा जास्त काळ दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर त्या आधारावर घटस्फोटाचा अर्ज करता येतो. नवीन कारण लागत नाही. आणि हा अर्ज दोघांपैकी कोणीही करू शकतं.

कोणीही म्हणजे, ज्याच्या चुकीमुळे विभक्तता मिळाली तोसुद्धा. समजा एका बाईने नवऱ्याच्या छळामुळे विभक्तता घेतली. घटस्फोट तिला नको आहे, कारण तिला पत्नी म्हणून राहायचं आहे, उद्या वारसाहक्क हवा आहे, किंवा तिच्या श्रद्धेत लग्न मोडणं बसत नाही. वर्षभराने नवरा जाऊन घटस्फोटाचा अर्ज टाकतो. ज्या बाईने घटस्फोट टाळण्यासाठीच हा मार्ग घेतला, तिने स्वतःच मिळवलेल्या हुकूमनाम्यामुळे नवऱ्याचं काम सोपं झालेलं असतं.

मात्र असा घटस्फोट आपोआप मिळत नाही. स्वतःच्याच गैरकृत्याचा फायदा कोणाला घेता येणार नाही, अशी अट कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असं एक प्रकरण आलं होतं. विभक्ततेनंतर पतीने कोर्टाने ठरवलेली पोटगी दिली नाही आणि दुसऱ्या स्त्रीसोबत राहणं चालूच ठेवलं. मग त्याने घटस्फोट मागितला, आणि न्यायालयाने तो नाकारला. पण पती पोटगी वेळेवर देत असेल आणि फक्त परत एकत्र राहायला तयार नसेल तर? परत न येणं हे काही अशा प्रकारचं गैरकृत्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं आहे. म्हणून "मी विभक्तता घेऊन ठेवते, म्हणजे त्याला घटस्फोट मिळणार नाही" ही खेळी बहुतेक वेळा उलटते. घटस्फोट रोखणं एवढाच हेतू असेल तर हा रस्ता चुकीचा आहे, हे मी अगदी ठामपणे म्हणेन.

उलट बाजूही सांगायला हवी. वर्षभरात दोघांचं मन जुळलं आणि ते पुन्हा एकत्र राहू लागले, तर कोर्टात अर्ज करून हुकूमनामा रद्द करून घेता येतो. पुन्हा लग्न लावावं लागत नाही. घटस्फोटानंतर मात्र तीच दोन माणसं एकत्र यायची झाली तर नव्याने लग्न करावं लागतं. एकत्र आलेली जोडपी कोर्टात परत जायचा कंटाळा करतात आणि जुना हुकूमनामा तसाच पडून राहतो. पुढे पुन्हा बिनसलं की तोच कागद वादाला कारण होतो. कंटाळा करू नये.

मग विभक्तता कोणाला उपयोगाची

लग्नाला अजून वर्षही झालं नसेल तर घटस्फोटाचा अर्ज साधारणपणे करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर कोर्टाची खास परवानगी काढावी लागते. न्यायिक विभक्ततेला ही एक वर्षाची आडकाठी नाही. लग्नानंतर तीन-चार महिन्यांतच मारहाण सुरू झालेल्या मुलीसाठी हा खरा आधार आहे.

दुसरी माणसं म्हणजे ज्यांच्या धर्मश्रद्धेत घटस्फोट बसत नाही. कॅथलिक कुटुंबांत हा प्रश्न खरोखर मोठा असतो, कारण कोर्टाने दिलेल्या घटस्फोटाने चर्चच्या दृष्टीने लग्न संपत नाही. त्यांना विभक्ततेत कायद्याचं संरक्षणही मिळतं आणि श्रद्धाही सांभाळता येते.

मग उतारवयातली जोडपी. पासष्टीच्या बाईला दुसरं लग्न करायचं नसतं, तिला फक्त रोजचा अपमान थांबवायचा असतो. तिच्यासाठी पत्नी म्हणून असलेला वारसाहक्क, नवऱ्याच्या नोकरीतून मिळू शकणारं कुटुंब निवृत्तिवेतन, वैद्यकीय सोयी या गोष्टी फार मोलाच्या असतात. निवृत्तिवेतनाचे नियम प्रत्येक खात्याचे वेगळे असतात आणि विभक्तता कोणत्या कारणावर झाली, याचाही त्यात फरक पडू शकतो. अर्ज करण्याआधी त्या खात्याचा नियम लेखी मागून वाचावा.

आणि शेवटी ज्यांना खरंच ठरवता येत नाही ते. जोडीदाराचं व्यसन किंवा आजार यावर उपचार चालू आहेत, आशा आहे, पण त्या घरात राहणं आज शक्य नाही. अशा वेळी घटस्फोटाची घाई नको वाटणं अगदी रास्त आहे.

परदेशातल्या लेखांमध्ये विभक्ततेची कारणं म्हणून नवरा-बायकोचं एकत्रित आयकर विवरणपत्र वगैरे दिलेलं असतं. आपल्याकडे प्रत्येकाचं विवरणपत्र वेगळंच असतं, त्यामुळे ते हिशेब इथे लावू नयेत.

पोटगी, घर आणि वारसा

"घटस्फोट घेतला की पोटगी बंद" हे वाक्य बायकांना घाबरवण्यासाठी सर्रास वापरलं जातं. ते खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुनं कलम १२५) पत्नी या व्याख्येत घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली विभक्तता असो वा घटस्फोट, दोन्हींत कायम पोटगी मागता येते, एकरकमी किंवा दरमहा, आणि मागणारा पतीही असू शकतो. खटला चालू असताना कलम २४ खाली तात्पुरती पोटगी आणि खटल्याचा खर्च मिळतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी पक्क्या केल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मुलांचा ताबा, भेटी आणि शिक्षणाचा खर्च याबाबतचे आदेश दोन्ही प्रकारांत सारख्याच पद्धतीने होतात. मुलांचा आई-वडिलांच्या मालमत्तेतला हक्क कशानेच जात नाही.

खरा फरक वारसाहक्कात पडतो. विभक्त झालेला पती मृत्युपत्र न करता वारला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी मुलांबरोबर आणि सासूबरोबर पहिल्या वर्गातली वारस असते. घटस्फोटानंतर ती वारस राहत नाही. पण याची दुसरी बाजूही बघा. विभक्त झालेल्या बाईने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, तिने मृत्युपत्र केलं नसेल, तर मुलांबरोबर ज्याच्या छळामुळे ती वेगळी झाली त्या नवऱ्याकडेही जातो. मूल नसेल तर सगळा त्याच्याकडेच. म्हणून विभक्तता घेणाऱ्या प्रत्येकीने त्याच महिन्यात मृत्युपत्र करावं. घटस्फोट घेतलेल्यांनीही बँक आणि विम्यातलं नॉमिनीचं नाव स्वतः जाऊन बदलावं, ते आपोआप बदलत नाही. दोघांच्या नावावरचं गृहकर्ज बँकेच्या लेखी दोघांचंच राहतं, कोर्टाचा हुकूम कुठलाही असो.

स्त्रीधनाबद्दल एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यायिक विभक्तता झालेल्या एका स्त्रीने कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली आपलं स्त्रीधन परत मागितलं. तू आता विभक्त आहेस, तुला हा कायदा लागू नाही, असं खालच्या न्यायालयांचं म्हणणं पडलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: विभक्ततेत वैवाहिक नातं टिकून असतं, म्हणून तिला दाद मागता येते.

कागदाशिवाय, किंवा चुकीच्या कागदावर

आता त्या बैठकीकडे. अनेकदा तिथेच पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर मागवला जातो, "आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही" असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात आणि नोटरीचा शिक्का बसतो. याला सोडचिठ्ठी म्हणा, फारकतनामा म्हणा, कायद्याने तो घटस्फोट नाही आणि न्यायिक विभक्तताही नाही. काही समाजांत रूढीने चालत आलेली काडीमोडीची पद्धत कलम २९ मध्ये मान्य आहे, पण ती जुनी आणि अखंड रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. अशा कागदाच्या भरवशावर मुलीचं दुसरं लग्न लावून देणारे आई-वडील तिला मोठ्या संकटात ढकलतात. दुसरं लग्न रद्दबातल, वर फौजदारी खटल्याची टांगती तलवार.

या कागदात आणखी एक सापळा असतो. कलम १४४ प्रमाणे परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला त्या कलमाखालची पोटगी नाकारली जाऊ शकते. "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत" या वाक्याखाली बायको सही करते आणि पुढे तेच वाक्य तिच्याविरुद्ध वाचलं जातं. छळामुळे घर सोडावं लागलं असेल तर असं काहीही लिहून देऊ नये. तूर्त फक्त सुरक्षितता आणि खर्चाची सोय हवी असेल तर विभक्तता किंवा घटस्फोट यांपैकी काहीच न घेता कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहण्याची सोय आणि खर्चाचे आदेश मागता येतात. हिंदू पत्नीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खालीही योग्य कारणासाठी वेगळं राहून पोटगी मागता येते.

दोघांचं एकमत असेल तर

संसार संपला आहे यावर दोघांचंही एकमत असेल तर विभक्ततेचा विचारही करू नये. कलम १३-ब खालचा परस्परसंमतीचा घटस्फोट, कोर्टाच्या आवारात ज्याला 'म्युच्युअल' म्हणतात, तो सगळ्यात कमी जखमांचा मार्ग आहे. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मुंबईसारख्या शहरात दुसरं घर परवडत नाही म्हणून एकाच छताखाली, पण नवरा-बायकोसारखं न राहता काढलेलं वर्षही यात धरता येतं. अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा दोघांचा होकार घेतला जातो. पोटगी आणि ताबा यांची तडजोड झालेली असेल आणि दोघं दीड वर्ष किंवा जास्त वेगळे असतील तर ही सहा महिन्यांची वाट कोर्ट माफ करू शकतं, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. निकाल होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैशांचे टप्पे आणि मुलांच्या भेटी हे सगळं संमतीच्या अटींमध्ये तपशिलात लिहून घ्यावं.

एकच बाजू तयार असेल तेव्हा अडतं. "लग्नात आता काही उरलं नाही" एवढ्यावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने असा घटस्फोट देण्याचा अधिकार मान्य केला, पण तो फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली.

अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे करायचा, नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि त्यांच्यासमोर बसणं टाळू नये. तिथे समेट झाला नाही तरी पोटगी आणि भेटींचे निम्मे वाद बरेचदा तिथेच मिटतात. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: माझ्या बाबतीत विभक्तता घेतली आणि वर्षाने समोरच्याने घटस्फोट मागितला तर माझ्या हातात काय उरेल? या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा वकील बदललेला बरा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही, आणि चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.